पाळण्याची किल्ली

एका गावात एक भोळा आचारी होता. नाव वामन. सांगितलेलं तंतोतंत करायचं, हा त्याचा गुण. लग्नाच्या पंगतीत तो गुण फार कामाला यायचा. घरात मात्र त्याने पार वाट लावली.

वामनची आई पाळणा फार गोड म्हणायची. लेकीने, मृदुलाने, तो लॅपटॉपमध्ये भरून ठेवला होता. मागल्या वर्षी आई गेली, आवाज तेवढा उरला. मग लॅपटॉपही गेला. आता गुरुवारी मृदुलाच्या मुलीचं बारसं होतं आणि तिला आजीचाच पाळणा हवा होता.

वामनने नवा लॅपटॉप घेतला. दुकानदार परागने जुन्यातल्या फायली त्यात घातल्या. एकही उघडेना.

"काका, यांना कुलूप आहे. अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मी कागदावर लिहून दिली होती. कुठंय?"

"अक्कलकोटला."

"तिथे कशी गेली?"

"तूच म्हणालास, लॅपटॉपपासून लांब ठेवा. आमच्यात सगळ्यात लांब मावशी राहते."

"अहो, अशी वस्तू हाताशी ठेवायची."

वामन अक्कलकोटला गेला आणि कागद दोऱ्याने मनगटाला बांधून आला. निम्म्या एसटीने आकडे वाचले. कंडक्टरने तर त्यावर फोन लावून पाहिला.

पराग म्हणाला, "किल्ली कुणालाही दिसता कामा नये, काका."

"बरं," म्हणून वामन डोळे घट्ट मिटून आकडे दाबायला बसला. तासभर दाबले. लॅपटॉप ढिम्म.

"द्या इकडे, मी दाबतो."

"तुला दिसेल."

पराग दमला. "मग असं करा. घरातल्या एका माणसाच्या कानात सांगा. ज्याच्या तोंडून बाहेर फुटणार नाही, असं माणूस बघा. ते दाबेल आकडे. मग कागद फाडलात तरी चालेल."

वामनने दोन दिवस विचार केला. बायकोच्या तोंडात तीळ भिजत नाही. मृदुला सगळं फोनवर सांगते. जावई झोपेत बोलतो.

बारशाला पाळण्याशेजारी लॅपटॉप मांडला. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगून कुर्रर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. मग वामन पुढे झाला. उपरण्याआड कागद धरून तो बाळाच्या कानाशी बराच वेळ पुटपुटत राहिला. आजोबांची माया बघून बायकांनी डोळे पुसले. वामन उठला आणि त्याने कागदाचे बारीक तुकडे केले.

"बाबा, काय फाडलंत?"

"किल्ली. सांगितली बाळाला. घरात तेवढंच माणूस गुपित राखणारं."

मृदुला "बाबा, आजीचा आवाज गेला हो," म्हणाली आणि रडायला लागली. तिचं पाहून बाळानेही भोकाड पसरलं.

वामनने झटकन जावयाच्या हातात पेन्सिल दिली.

"गप्प बसा सगळे. सांगतेय ती. घ्या लिहून."