मसू गुळव्याचे साधन

त्या वर्षी श्रीलिंबोजीमहाराज करंजवाडीस मारुतीच्या देवळात उतरले होते. गावात उसाचा हंगाम चालू होता आणि हैबतराव पाटलांच्या गुऱ्हाळावर रस कढवायला मसू गुळव्या होता. महाराजांनी त्याला एकच साधन दिले होते. "मनात जे येईल त्याला नावाने ओळखावे. ओळखले की ते डोक्यावर बसत नाही."

झाले! मसू दिवसभर काहिलीतला रस ढवळी आणि पुटपुटे, "कंटाळा आला. गेला. आता हेवा आला." पाटलांचे डोके उठले. गडी गालात हसत, आणि पाटलांना वाटे, आपल्यालाच हसतात. हरिनाम सोडून हा कंटाळ्याची हजेरी घेतो आणि महाराज याला भक्त म्हणतात! त्यांनी दटावले, टर उडवली, शेवटी हातही जोडले. मसूचे आपले चालूच.

एका दुपारी पाटलांनी निकाल लावला. "मसू, ही काहील उतरली की चालता हो. दुसरा गुळव्या बघतो मी."

मसूच्या घरी चार खाणारी तोंडे होती आणि निम्मा हंगाम अजून जायचा होता. तो ढवळता ढवळता म्हणाला, "भ्या वाटलं." मग पाटलांकडे बघून सरळपणे म्हणाला, "मालक, तुमास्नी राग आलाय."

"मला राग येत न्हाई!" असे ओरडत पाटील त्याच्या अंगावर धावले. काठावर सांडलेल्या मळीवरून पाय घसरला आणि उजवा हात कोपरापर्यंत उकळत्या रसात गेला. "महाराज, धावा," म्हणत मसूने त्यांना मागे खेचले.

हात पुसून बघतात तो काय, साधा लाल डागही नव्हता. पाटील तसेच देवळाकडे पळाले. महाराज खांबाला टेकून बसले होते आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत फोडांनी भरला होता.

"महाराज, हे माझं हुतं," पाटील कसेबसे म्हणाले.

"ते राहू दे. आत काय आलंय ते सांग."

पाटलांची मान वर होईना. "लाज आली, महाराज. आन् मसूचा राग बी हाय अजून. त्याचं खरं निघालं म्हणून."

महाराज मोठ्याने हसले. म्हणाले, "आता तुझेही साधन सुरू झाले."

पाटलांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. उठले ते थेट गुऱ्हाळावर गेले आणि सगळ्या गड्यांदेखत मसूपुढे वाकले. "मसू, हंगामभर हितंच ऱ्हा. चुकलो मी."

मसू पार गोंधळला. म्हणाला, "मालक, आता काय आलंय, ते मला बी उमगंना."