तळहाताएवढं तण

"अप्पा, तुमच्या त्या लोट्यात रोज असतं काय?"

रेवणनं हे विचारलं तेव्हा त्याच्या खांद्याला पिशवी होती. कपडे भरूनच तो मळ्यात आला होता. उत्तर पटलं तर राहायचं, नाही तर साडेआठची एसटी.

अप्पा म्हणजे टेकडीवरच्या मठाचे म्हातारे स्वामी. ते वांग्याच्या वाफ्याशी उकिडवे बसले होते.

"का रं?"

"रोज सकाळी आणता. माझ्याकडं पाठ करून ओतता."

"सूर्याकडं तोंड करतो. तू मागं बसतूस."

रेवण शेतकी शाळेत पहिला आलेला. शेतीऔषधांच्या दुकानातली बरी नोकरी सोडून तो इथं शिकायला आला, कारण अप्पांच्या मळ्यात तण काढायला खुरपं लागत नाही असा पंचक्रोशीत बोलबाला होता. पावसात भिजून काळा पडलेला, जनावरांनी तोंड न लावलेला कडबा अप्पा तोडून रोपांच्या बुडाशी अंथरत. वर तुरीचं भुसकट. एवढंच.

एवढंच कसं असेल? इतकं सोपं असतं तर दुकानं चालली असती का? रेवणच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्यातून दोघांनी एकाच दिवशी एकेक वाफा लावला. अप्पांचा वाफा लख्ख राहिला, आणि रेवणच्या वाफ्यात जागोजाग तण उठलं.

"एकाच गंजीतला कडबा, अप्पा. मग तण माझ्यातच का? तुम्ही गुपचूप काहीतरी मारता. आणि मला सांगत नाही."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. पण शब्द काही त्यानं मागं घेतला नाही.

अप्पांनी लोटा पुढं केला. रेवणनं आधी वास घेतला, मग बोट बुडवून चाटलं. पाणी होतं. विहिरीचं, जरासं मचूळ.

"आज पाणी आहे," तो म्हणाला. "काल काय होतं, कुणाला ठाऊक?"

अप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि रेवणच्या वाफ्याशी जाऊन थांबले.

"हात ठेव हितं. तणावर."

रेवणनं ठेवला. तणाचा पुंजका तळहाताखाली बरोबर झाकला गेला.

"आता त्या पल्याडच्यावर."

तोही झाकला गेला. तिसराही. रेवणच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"हितला कडबा कुणी उचलला हुता?"

"...मी."

"कशापायी?"

"खाली तण खरंच मरतंय का, ते बघायला."

"किती येळा?"

"रोज."

"मरत हुतं?"

"पहिल्यांदा पिवळं पडलेलं. अगदी मलूल." रेवण अडखळला. "मग... मग हिरवं झालं."

अप्पांनी बाजूचा कडबा ओढून तणावरचा उजेड पुन्हा झाकला. रेवणला रागच आला.

"म्हणजे उघडून बघायचंच नाही? डोळे मिटून तुमचा शब्द घ्यायचा?"

"मी कुठं म्हटलं तसं?" अप्पांनी स्वतःच्या वाफ्याकडं बोट केलं. "त्यो माझा वाफा. उचल की. पायजे तितं."

अप्पांच्या वाफ्याला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, अशी मठाची रीत. रेवणनं पिशवी खाली ठेवली. वाकून त्यानं कडब्याचं एक धाट चिमटीत धरलं. मग तो अप्पांच्या तोंडाकडं पाहत राहिला. म्हातारा हसतोय की चिडलाय, काही कळायला मार्ग नव्हता.

धाट उचललंही जाईना, सोडवेनाही.

"बघ की," अप्पा म्हणाले. "फकस्त आठ दिसांनी तितं तण आलं, तर त्ये माझं म्हणू नगंस."