पाहुण्यासाठी मोडलेली पाळी

फार पूर्वी, आमची खाडी गाळानं भरायच्या आधी, तिच्या काठी एक बंदर होतं. काय दिवस होते ते! भरती आली की गलबतं धक्क्याला लागायची, काथ्याचा वास साऱ्या आळीत भरून राहायचा. आणि तिथली एक रीत होती. जो आधी आला, त्याचा माल आधी उतरायचा. राजाचं गलबत असो की कुंभारणीचा पडाव, म्हणजे मालाची साधी होडी, पाळी ती पाळी.

पुढे दूरची बंदरं मोठी झाली आणि इथं गलबतं येईनाशी झाली. तरणी पोरं परमुलखात गेली. काथ्याचे दोर वळणाऱ्या एका म्हातारीचा मुलगाही गेला. बिचारी दोर वळायची आणि वाटेकडे डोळे लावून बसायची.

अशात समुद्रापलीकडचा एक व्यापारी दोरखंडाचा कारखाना काढायला जागा शोधत आला. खाडीचं पाणी खोल होतं, माडांची बनं दाट होती. म्हातारीचा दोर तर दोघा खलाशांनी ओढूनही तुटेना.

"आजी, असे हात आणखी आहेत का गावात?" त्यानं विचारलं.

"होते रे बाबा. कारखाना निघाला तर सगळे परत येतील. माझा मुलगासुद्धा."

"मग बाहेर समुद्रात नांगरलेलं माझं गलबत उद्या सामानासकट इथंच आणतो."

म्हातारीनं त्याच दुपारी मुलाचं अंथरूण उन्हात घातलं.

इकडे गावचा कारभारी हरखून गेला. त्यानं जकात माफ केली, गायरान फुकट देऊ केलं, तोरणं बांधली, ढोल बोलावले. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचं गलबत आलं, तेव्हा कुंभारणीचा पडाव धक्क्याला होता. अर्धी मडकी उतरायची होती.

"बाई, पडाव हटव. पाहुणे आलेत."

"पण पाळी माझी आहे, कारभारी!"

एक म्हातारा तांडेल, खलाशांचा जुना म्होरक्या, पुढे आला. "पाळी मोडू नका, कारभारी. आजवर कुणी मोडली नाही."

"अहो, पाहुणा म्हणजे देव! देवाला ताटकळत ठेवायचं?"

माणसांनी पडाव ढकलला. मडकी फुटली. ढोल वाजतच होते.

व्यापारी मात्र उतरलाच नाही. "नांगर उचला," तो खलाशांना म्हणाला.

कारभारी धावला. "काय चुकलं? जकात माफ, जमीन फुकट, आणखी काय हवं?"

"आज माझ्यासाठी हिची पाळी मोडलीत. उद्या माझ्याहून मोठा कुणी आला की माझी मोडाल. गलबत काय, बिनसलं की हलवता येतं. कारखाना कुठं उचलून नेऊ?"

तो पलीकडच्या काठाला गेला. तिथला धक्का मोडका होता, जकातही पुरी होती. मासळीचे पडाव रिकामे होईपर्यंत त्याला उन्हात उभं केलं. तो खुशाल उभा राहिला, आणि कारखाना तिथंच निघाला.

पोरं परत आली, पण पलीकडे. म्हातारीचा मुलगा तिला न्यायला आला. तिनं दाराला बाहेरून कडी घातली आणि त्याच्याबरोबर निघाली. तिच्यामागोमाग हळूहळू सारी आळी गेली. आजही ते आठवलं की जीव तुटतो.

निघण्याच्या दिवशी होडीत बसताना म्हातारी कारभाऱ्याला म्हणाली होती, "पाहुण्याला मान दिलात, चांगलं केलंत. पण आम्ही सगळे असे निघून गेल्यावर पाहुणा आला, तर त्याला घरचं म्हणून दाखवाल कुणाला?"

तात्पर्य: पाहुण्याचं स्वागत जरूर करावं, पण घरच्यांचा न्याय मोडून नव्हे. जिथं लहानातल्या लहानाची पाळी राखली जाते, तिथंच परका विश्वासानं आपलं बिऱ्हाड थाटतो.