हिरवी बोलत का नाही?

गाड्या आपापल्या हॉर्नने माणसांशी बोलायच्या, त्या काळची गोष्ट. सरंजाम्यांच्या गॅरेजात दोन विलायती, दोन सीटांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असत. तांबडी हलकी, घाटाची वळणं लीलया घेणारी. हिरवी दमदार, सरळ रस्त्यावर कुणाला न ऐकणारी. दसऱ्याला मात्र हार घालून गावातून एकीलाच मिरवायला नेत, म्हणून तांबडीचा शेजारणीवर कायम डोळा असे.

नवमीच्या सकाळी तिला जाग आली, तर आरसा गायब! तिनं तिरक्या नजरेनं पाहिलं. आरसा हिरवीच्या अंगावर चमकत होता.

“चोरटे, कुणी दिला तुला?” तांबडी कडाडली.

हिरवी गप्प.

“बघा, तोंड उघडत नाही! मनात पाप आहे, दुसरं काय? परवा माझ्या टाकीतलं पेट्रोल कमी झालं, तेही हिनंच प्यायलं असणार!”

हिरवी तरीही गप्प.

आरडाओरडा ऐकून सरंजामे आपल्या मेकॅनिकला, याकूबभाईंना, घेऊन धावत आले.

“मालक, आधी हिला हाकला! एक शब्द बोलत नाही, इतकी आतल्या गाठीची आहे.”

याकूबभाई हिरवीवरचा आरसा पुसत म्हणाले, “अगं, हिचा आरसा फुटलाय, आणि विलायती सामान इथं मिळतं कुठं? यंदा मिरवायची हिची पाळी, म्हणून तुझा आरसा हिला लावला. गेल्या दसऱ्याला तू निघालीस, तेव्हा तुझा हॉर्न बिघडला होता.”

“मग?”

“मग काय? तेव्हापासून तू हिच्याच हॉर्ननं बोलतेयस. ती बिचारी बोलणार कशानं?”