लाखात उरली एक

सांगा बरं, नाजूक काम कुणाच्या हाती द्यावं? डोकं चालवणाऱ्याच्या, की सांगितलं तेवढंच करणाऱ्याच्या? आम्ही दुकानदार पटकन दुसऱ्याचं नाव घेतो. मग ही गोष्ट आठवते आणि नाव मागे घेतो.

एका गावात एक भोळा जावई होता, सदोबा. बायको वेणू माहेरी गेलेली, तिला न्यायला तो सासुरवाडीला आला.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, परवा माझ्या लक्षवातींचं उद्यापन. लाख वाती वळल्यात वर्षभर, देवापुढे जाळायला. तोवर एक तरी काम धड करून दाखवा, मग पाठवते वेणूला."

सासरे गंगाधरशेट किराणावाले, आकड्यांत मुरलेले. त्यांना जावयाला शहाणं करायची हौस आली. "संख्या केवढीही असो, दोननं भाग जातो का ते शेवटच्या अंकावरून कळतं. बाकीच्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही."

"बरं, मामा."

सदोबा बाजारात नारळ आणायला गेला. पोत्यातला शेवटचा नारळ कानाशी हलवला. खळखळ वाजला. पोतं घरी आणलं. बाकीचे सगळे नासके.

"अहो, बघून नाही का घ्यायचे?" सासूबाई ओरडल्या.

"मामा म्हणाले, ढुंकूनही बघायचं नाही."

गंगाधरशेटांनी घाम पुसला. "तो दोनचा नियम हो! तीननं भाग जातो का बघायला सगळे अंक घ्यायचे. त्यांची बेरीज केली की काम भागतं. एकशे अकरा म्हणजे एक, एक नि एक. तीन!"

"बरं, मामा."

उद्यापनाला पानं एकशे अकरा. सदोबाला पत्रावळी आणायला धाडलं. त्यानं तीन आणल्या.

"माणसं एकशे अकरा आहेत, जावईबापू!"

"बेरजेवर काम भागतं, मामी."

वेणूनं पदर तोंडात कोंबला. हसत होती की रडत, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना घोर लागला. वाती चार शेजारणींनी मोजलेल्या. लाख भरल्यात ना?

"नवाचा ताळा घ्या," गंगाधरशेट म्हणाले. "नऊ असला काय नि नसला काय, सारखंच. नऊ-नऊ काढत जायचं. लाखातून शेवटी एक उरतो. एक उरला की लाख बरोबर."

"बरं, मामा."

न्याहारी करून सदोबा वातींच्या टोपल्यांपाशी बसला. नऊ काढल्या. आणखी नऊ. परत नऊ. अकरा हजार एकशे अकरा वेळा. दिवेलागणीला उठला तेव्हा तळहातावर एक वात होती.

"मामी, लाख अगदी बरोबर! एकच उरली."

"आणि बाकीच्या?"

"त्या असल्या काय नि नसल्या काय. बंबात घातल्या. मामांच्या आंघोळीला पाणी कढत आहे बघा."

सासूबाईंनी वेणूचं गाठोडं स्वतःच्या हातानं बांधलं. "घेऊन जा हिला. आत्ताच्या आत्ता! दुसरं काम मागू नका!"

खरं सांगतो मंडळी, जावई जरा कामचुकार असता तर निम्म्या वाती वाचल्या असत्या. तरीही माझं ऐका, हिशोब प्रामाणिकपणे ठेवा. निदान जळल्या किती, हे तरी नक्की सांगता येतं: नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव.