याकोबची पेटी

खाडीला अजून गलबतं लागायची, त्या काळची ही गोष्ट. दांडेखार गावात मलकाबाई नावाची बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांतली, तेलीण होती. नवरा गेला तरी तिनं घाणा थांबू दिला नाही. घाणा थांबायचा तो फक्त शनिवारी. शनिवार देवाचा, त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही. म्हणून तर अख्खं कोकण तिच्या लोकांना शनवार तेली म्हणायचं. बाई कणखर होती, पण तोंडाला झाकण नव्हतं.

एके दिवशी तिच्या दारात एक गोरा माणूस येऊन उभा राहिला. काखेत पत्र्याची पेटी. मुंबईच्या ज्यू मंडळींनी पाठवलं, म्हणाला.

"गोरा साहेब आणि ज्यू? मला येडी समजतो काय रे?"

दाराच्या चौकटीला एक छोटी नळी ठोकलेली होती, आत देवाचं वचन. त्यानं नळीला बोटं लावली आणि ती बोटं ओठांना टेकवली. मलकाबाई रोज जाता-येता करायची, अगदी तसंच. तिनं मुकाट्यानं पाट मांडला.

याकोब त्याचं नाव. जर्मनीत त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, बापाच्या हातचं. नाझींचं राज्य आलं आणि दारावर लिहिलं गेलं, ज्यूकडून काही घेऊ नका. मग एक दिवस काचा फोडल्या, भिंगं रस्त्यावर ओतली आणि बुटांनी चिरडली. त्याच्याच चष्म्यातून पेपर वाचणारे शेजारी खिडकीतून बघत राहिले. शिंपी, चांभार, पाववाले, ज्यू म्हणून जो जो होता त्याचं हेच झालं. पुढं तर कित्येकांचा जीवच घेतला. याकोब निसटला, पेटीत मावली तेवढी भिंगं घेऊन.

मलकाबाईच्या पडवीत बसून तो फिरत्या दगडावर भिंगं घासायला लागला. म्हाताऱ्यांना सुईचं भोक दिसायला लागलं. असं म्हणतात, एका कोळणीला त्यानं असा चष्मा दिला की लेकाची होडी तिला दर्यावर एक दिवस आधीच दिसायची.

तेवढ्यात जर्मनीशी लढाई लागली. इंग्रज सरकारनं हुकूम काढला, जर्मन दिसला की धरा आणि छावणीत घाला. आणि मलकाबाई? तिनं आधीच बाजारभर मिरवलेलं, "माझ्या पडवीत जर्मन आहे, जर्मन! तुमच्याकडं आहे का?"

शनिवारी सकाळी फौजदार गुजर दारात हजर. मलकाबाईनं जीभ चावली. आपल्याच जिभेनं माणूस धरून दिला की!

याकोबनं मुंबईच्या मंडळींचं पत्र पुढं केलं. ह्या माणसाला त्याच्याच सरकारनं ज्यू म्हणून हाकललंय, हे त्यात लिहिलेलं. फौजदारानं पत्र हातभर लांब धरलं. आणखी लांब धरलं. मान मागं नेली. आणि म्हणाला, "ह्यात काही नाही. चल."

याकोबला कळायचं ते कळलं. "साहेब, जवळचं दिसत नाही. चष्मा देतो, मग वाचा."

"मला सगळं दिसतं!" फौजदार गरजला. मग हळूच म्हणाला, "किती वेळ लागेल?"

"आज नाही. आज शनिवार."

मलकाबाईनं कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, फिरव तो दगड! देवाला मी सांगते काय सांगायचं ते!"

याकोबनं नुसतं तिच्या घाण्याकडं बोट केलं. घाणा गप उभा होता. बैल रवंथ करत बसला होता. चाळीस वर्षांत एका शनिवारी तो फिरला नव्हता. मलकाबाईचं तोंड जन्मात पहिल्यांदा बंद झालं.

फौजदार घाण्याकडं बघत राहिला, मग याकोबकडं. सुटायची वाट समोर असून हा माणूस हात उचलत नाही! तो पडवीत बसला. "शनिवार संपतो कधी?"

"आभाळात तीन चांदण्या दिसल्या की," मलकाबाई म्हणाली.

दिवसभर बसला. तिनं शुक्रवारीच करून ठेवलेली माशाची कढी जेवला. दिवे लागणीला आधी तोच अंगणात गेला. लांबचं त्याला झकास दिसायचं. "ती एक! ती दुसरी! अहो, ती बघा तिसरी माडावर! उठ रे बाबा, बस कामाला!"

याकोबनं भिंग घासलं, काड्यांत बसवलं, फौजदाराच्या नाकावर ठेवलं. असं म्हणतात, पत्रातली अक्षरं मुंग्यांसारखी पांगली होती, ती एका दमात रांगेत येऊन उभी राहिली. फौजदारानं पत्र वाचलं. परत वाचलं. चष्मा काढून डोळे पुसले. मग सरकारी कागदावर लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "दांडेखारात जर्मन सापडला नाही. एक शनवार तेली सापडला."

मलकाबाई हसता हसता रडली.

याकोब त्याच गावात म्हातारा झाला, त्याच गावात वारला. मलकाबाईचे लोकही पुढं इस्राएलला निघून गेले. घाण्याचा नुसता दगड उरलाय. पण ती पत्र्याची पेटी अजून धक्क्यावरच्या एका दुकानात आहे. कोणी वारलं की घरचे त्याचा चष्मा आणून तिच्यात ठेवतात. ज्याला दिसत नाही त्यानं यावं, एकेक लावून बघावा, बसेल तो न्यावा. एकच नेम आहे. शनिवारी पेटी उघडत नाहीत. कोळी असो, मुसलमान असो, आगरी असो, शनिवारी आला तर अंगणात बसतो आणि तीन चांदण्या मोजतो.