पुसलेलं घुबड

कार्टूनमधलं प्रत्येक चित्र हातानं काढत, तेव्हाची गोष्ट. एका सिनेमासाठी दमयंतीबाईंनी खार आणि घुबड रंगवलं होतं. एकदा निर्माते म्हणाले, "सिनेमा लांबतोय. घुबड पुसून टाका."

कागदावरची खार घुबडाकडे वळली. "घुबडमामा, तुम्ही गेलात तर साप आल्याचं मला कोण सांगणार?"

घुबडालाही पुसलं जायचं नव्हतं. तरी ते म्हणालं, "माझा आवाज आधीच रेकॉर्ड करून ठेवलाय. बाई, तो तरी राहू द्या. आणि खारुताई, तू तो ऐकलास की पळ."

बाईंनी घुबड पुसलं.

सिनेमा लागला. साप खारीच्या अगदी जवळ आला, तरी आवाज येईना. खारीनं डोळे मिटले. तेवढ्यात घुत्कार घुमला आणि तिनं उडी मारली.

टाळ्या वाजल्या. खार मात्र घुबडाच्या रिकाम्या फांदीकडे बघत राहिली.